ताकद वाढवण्याआधी

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला दसरा चौकात जी गर्दी जमते, तिच्यातले निम्मे लोक सोनं लुटायला येतात आणि निम्मे छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार बघायला, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीची ही जर्मन गाडी. तिच्यात कोण बसलंय हे सगळे बघतात. पण ऐंशीहून अधिक वर्षं ही गाडी चालती ठेवली कुणी, हा प्रश्न गर्दीत कुणी विचारत नाही. राजांची नावं इतिहासात येतात, मेस्त्रींची येत नाहीत. आज मला या न लिहिलेल्या इतिहासातलं एक छोटं प्रकरण सांगायचं आहे. ते आहे जुन्या जपानी टर्बो गाड्यांचं.

'मेस्त्री' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ उस्ताद. कोल्हापुरात तो इतका रुजला की अनेक घरांचं आडनाव झाला. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे आते-मामे भाऊही मूळचे मेस्त्रीच. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा आणि परदेशी कॅमेरा परवडत नाही, म्हणून त्यांनी तो स्वतःच करायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. १९१८च्या सुमारास देशी कॅमेरा तयार झाला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. दुसऱ्याने केलेलं यंत्र उघडायचं, समजून घ्यायचं आणि आपल्या गरजेप्रमाणे पुन्हा उभं करायचं, ही या गावाची जुनी खोड आहे.

पुढे उसाच्या मळ्यांना पाणी द्यायला ऑइल इंजिनं लागली. ती उद्यमनगरात बनू लागली. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं जुन्या कारखानदारांच्या तोंडी आजही आदराने येतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून आज देशभरच्या मोटार कारखान्यांना कास्टिंग जातं. म्हणजे इंजिन ही वस्तू कोल्हापूरकराला परकी नव्हती. पण टर्बो आला तेव्हा मात्र चांगल्या चांगल्या मेस्त्रींना पुन्हा शाळेत बसावं लागलं.

टर्बो म्हणजे काय, हे समजून घ्यायला आपल्याला लांब जायला नको. गुऱ्हाळावर जाऊ या. उसाचा रस निघाला की मागे चिपाड उरतं. ते आपण फेकत नाही. वाळवून चुलवणात घालतो आणि त्याच्याच जाळावर काहिलीतला रस उकळतो. टर्बोचं तत्त्व हेच आहे. इंजिनात इंधन जळतं, त्यातली साधारण एक तृतीयांश उष्णता सायलेन्सरमधून धुराबरोबर वाया जाते. त्या गरम धुराच्या वाटेत एक छोटं चाक बसवायचं. धुराच्या झोताने ते फिरतं. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं. ते बाहेरची हवा ओढतं आणि दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद निघते. चिपाडाने रस उकळावा, तशी धुराने ताकद वाढते.

पण गुऱ्हाळावर आणखी एक माणूस असतो, गुळव्या. पाक हातात घेऊन, पाण्यात टाकून, त्याची गोळी होते का हे तो बघतो आणि जाळ कमी करायला सांगतो. जाळ वाढवणं कुणालाही जमतं. तो नेमका केव्हा आवरायचा हे गुळव्यालाच कळतं, म्हणून गुऱ्हाळात मान त्याचा. टर्बोचाही एक गुळव्या असतो. त्याला वेस्टगेट म्हणतात. हवेचा दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की हा छोटा दरवाजा उघडतो आणि जादा धूर चाकाला वळसा घालून बाहेर सोडून देतो. टर्बोचा सगळा इतिहास मला या दोन पात्रांचा इतिहास वाटतो, जाळ वाढवणाऱ्याचा आणि आवरणाऱ्याचा.

स्वित्झर्लंडचे अल्फ्रेड ब्युखी हे या कल्पनेचे जनक. त्यांनी १९०५ साली पेटंट घेतलं. कल्पना कागदावर सोपी होती, पण एवढी उष्णता सोसणारा धातू आणि एवढ्या वेगात टिकणारं बेअरिंग तेव्हा नव्हतं. वीस वर्षं गेली. १९२५च्या सुमारास दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसवला, तेव्हा १७५० अश्वशक्तीचं इंजिन २५०० पर्यंत गेलं. दरम्यान विमानांनाही त्याची गरज पडली होती. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाला दम लागतो. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी चौदा हजार फूट उंचीच्या पाइक्स पीक डोंगरावर विमानाचं इंजिन नेऊन टर्बोची परीक्षा घेतली आणि ती यशस्वी झाली.

साध्या माणसाच्या मोटारीत टर्बो यायला १९६२ साल उजाडलं. अमेरिकेच्या ओल्ड्समोबिल जेटफायर गाडीत तो बसवला होता. इंजिन जादा तापून आतून ठोके देऊ नये, म्हणून पाणी आणि मेथनॉलचं मिश्रण एका वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडलं जाई. ही टाकी मालकाने भरायची. लोक ती भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की गाडीची ताकद आपोआप कमी होई आणि तक्रारी वाढत. शेवटी कंपनीनेच अनेकांचे टर्बो काढून दिले. ताकद सगळ्यांना हवी होती, तिची निगा राखायला कुणी तयार नव्हतं. हा धडा पुढे प्रत्येक देशाने आपापला वेगळा गिरवला.

जपानमध्ये टर्बो रुजला त्याला तिथली परिस्थिती कारण झाली. १९७३च्या तेलसंकटाने पेट्रोल महाग झालं. त्यातच तिथे गाडीची लांबी-रुंदी आणि दोन हजार सीसीची मर्यादा ओलांडली की कराचा बोजा वाढे. मग इंजिन लहान ठेवून ताकद वाढवायची कशी? टर्बोने. १९७९ साली निस्सानची सेड्रिक ही गाडी टर्बोसह आली आणि जपानी कंपन्यांची चढाओढ सुरू झाली. मोठ्या कंपन्यांच्या बरोबरीने छोटे लोकही त्यात होते. हिरोयुकी हासेगावा या इंजिनिअरने १९७३ साली फुजी पर्वताच्या पायथ्याशी, दुभत्या जनावरांच्या एका जुन्या शेडमध्ये इंजिनं सुधारण्याचा उद्योग मांडला. तीच पुढे एचकेएस नावाची जगप्रसिद्ध टर्बो कंपनी झाली. शेडमध्ये सुरू झालेला कारखाना कोल्हापूरकराला लगेच ओळखीचा वाटेल.

या चढाओढीला आवरही जपान्यांनीच घातला. १९८७ साली सुझुकीने अल्टो वर्क्स नावाची चिमुकली गाडी काढली. इंजिन अवघं ५४३ सीसीचं, पण टर्बोमुळे ताकद ६४ अश्वशक्ती. आपल्या रस्त्यावरच्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं, पण त्याची ताकद चाळिसाच्याही आत. म्हणजे आपण जिला साधी, गरीब गाडी समजत होतो, तिची धाकटी बहीण तिकडे शर्यती मारत होती. पण कंपन्यांनी आपसांत ठरवलं की छोट्या गाडीने ६४ च्या वर जायचं नाही. मोठ्या गाड्यांसाठी १९८९ पासून अशीच २८० ची मर्यादा पाळली गेली, ती २००४ पर्यंत. कायद्याने सांगितलेलं नव्हतं, सभ्य माणसांचा शब्द होता. कागदावर २८० लिहायचं आणि आत थोडं जास्त ठेवायचं, असंही झालं. तरी मर्यादा असावी हे सर्वांनी मान्य केलं होतं, हे महत्त्वाचं.

या प्रसिद्ध जपानी टर्बो गाड्या आपल्याकडे फारशा आल्या नाहीत. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी परदेशातून आणता येत नाही, आणि जी आणता येते तिच्यावरची जकात गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. न्यूझीलंडमध्ये जपानच्या वापरलेल्या गाड्या रस्तोरस्ती दिसतात. आपल्याकडच्या पोरांनी त्या चित्रात पाहिल्या. आपल्याकडे जपान आला तो वेगळ्या वाटेने. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. दोन-तीन वर्षांतच टोयोटा, निस्सान, मित्सुबिशी आणि माझदा या चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांबरोबर हलक्या मालगाड्या घेऊन उतरल्या. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, आयशर मित्सुबिशी आणि स्वराज माझदा ही नावं पन्नाशीतल्या वाचकांना आठवतील. १९८६ च्या टाटा ४०७ ने त्यांना तोंड दिलं, हा इतिहास वेगळा. पुढे २००२ साली मित्सुबिशीची पजेरो टर्बो डिझेल इंजिन घेऊन आली आणि २००५ साली टोयोटाची इनोव्हा. इनोव्हाने टर्बो खऱ्या अर्थाने घराघरांत नेला. देवदर्शनाला, लग्नाच्या वऱ्हाडाला, मुंबईच्या विमानतळाला जाणाऱ्या कोल्हापूरकराने टर्बोची ती बारीक शिट्टी ऐकली, पण ती टर्बोची हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पाना हातात धरला तर बोल्ट माझ्याकडे बघून हसतो. पण माझ्या चाचांचं गॅरेज होतं आणि माझं लहानपण तिथल्या ग्रीसच्या वासात गेलं. चाचा कानाने इंजिन ओळखायचे. लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून, मूठ कानाला लावून सांगायचे, "तिसरं नोझल गळतंय." ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. टर्बोने या कानाचं गणित बदललं. कारण टर्बो गाडीत दुखणं एका जागी असतं आणि कण्हणं दुसऱ्या जागी ऐकू येतं.

माझ्या भाच्याकडे वीसेक वर्षांची एक जपानी टर्बो डिझेल गाडी आहे. हौसेने घेतलेली, घराच्या अंगणात उभी असते. सुट्टीच्या दिवशी तो तिच्याखाली असतो. मध्यंतरी ती गगनबावड्याचा घाट चढताना दम सोडू लागली. मागे काळा धूर, पुढे पिकअप नाही. मित्रांनी सल्ला दिला, दाब वाढव, पंपाचं सेटिंग वाढव, मोठा टर्बो टाक. सगळा बेत ठरला. मला म्हणाला, "मामू, एकदा मॉडिफाय केली की बघा कशी पळती."

चाचांनी आता काम सोडलं आहे, पण त्यांना खुर्ची टाकून अंगणात बसवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नवीन असताना हीच गाडी घाट चढत होती न्हवं? मग तेव्हाची ताकद कुठं गेली ते आधी शोध. गेलेली सापडल्याशिवाय नवी मागू नको."

त्या दुपारी मी जे पाहिलं ते सांगण्यासारखं आहे, कारण घरी काम करणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गरम इंजिनातून पांढरा धूर येत राहिला तर इंधन न जळता जातंय किंवा कूलंट आत शिरतंय. धूर काळा, म्हणजे आधी हवेची वाट बघायची, कारण ते स्वस्त आणि सोपं. एअर फिल्टर उघडला, ठीक होता. वेस्टगेटची दांडी हलवून पाहिली, अडकलेली नव्हती. तिला दाब पोचवणारी बारीक रबरी नळी तपासली. जुन्या जपानी गाड्यांत अशा नळ्यांचं जाळंच असतं आणि वीस वर्षांत रबर वाळून कडक होतं. ती तडकलेली नव्हती. मग इंजिन पूर्ण थंड असताना पाईप काढून टर्बोचं चाक बोटाने हलवलं. बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगतं, म्हणून दांडी आडवी थोडी हलणारच. पण चाकाची पाती घराला घासत असतील किंवा दांडी पुढे-मागे सरकत असेल, तर टर्बो गेला समजायचं. इथे तसं काही नव्हतं.

मग राहिले टर्बोकडून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणारे जाड होज पाईप. वरून ठीक दिसत होते. चाचा म्हणाले, "खालून हात फिरव." एका पाईपच्या खालच्या अंगाला तेलकट ओल होती. दोन्ही तोंडं बंद करून, हवा बेताने भरून, साबणाचं पाणी लावलं, तेव्हा तिथून बुडबुडे आले. चीर इतकी बारीक की गाडी उभी असताना मिटलेली राही. घाटात दाब वाढला की उघडे. टर्बो हवा भरत होता आणि ती इंजिनात जाण्याआधीच वाटेत सांडत होती. पाईप आणि दोन क्लिपा बदलल्या. पुढच्या रविवारी गाडी तोच घाट तिसऱ्या गिअरमध्ये, धूर न करता चढली.

समजा, पाईप फाटलेला तसाच ठेवून पंपाचं सेटिंग वाढवलं असतं, तर? हवा कमी आणि डिझेल जास्त. धूर आणखी काळा, धुराचं तापमान आणखी वर. तोटा भरून काढण्यासाठी टर्बो आणखी वेगाने फिरला असता. एरवीच त्याचा वेग मिनिटाला लाखाच्या वर असतो. बेअरिंग गेलं की तेल थेट इंजिनात शिरतं, आणि डिझेल इंजिनाला ते तेल इंधन म्हणून चालतं. मग चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही. स्वतःचंच तेल पीत, वेग वाढवत, फुटेपर्यंत पळतं. हवेची वाट बंद करणं हा मुख्य उपाय, आणि तोही हाताने करायचा नसतो. जुने मेस्त्री टर्बोला वचकून होते ते उगीच नाही.

आपल्या भाषेत 'दुरुस्त' हा शब्द फारसीतून आला. त्याचा अर्थ बरोबर, ठीक, निरोगी. दुरुस्ती म्हणजे वस्तूला तिच्या मूळ निरोगीपणाकडे परत नेणं. 'मॉडिफाय' हा गॅरेजमधला नवा शब्द. मला तो वर्ज्य नाही. बाबूरावांचा कॅमेरा किंवा हासेगावांची शेड यांना तोच शब्द लागू होतो. पण ते दोघंही मूळ यंत्र पुरतं समजल्यावर पुढे गेले. आजारी माणसाला तालमीत पाठवत नाहीत, हे तालमींच्या या गावाला मी काय सांगावं?

कायद्याचंही भान हवं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. पंधरा वर्षांनंतर गाडीची तपासणी होऊन नोंदणी वाढवून घ्यावी लागते, हरित कर भरावा लागतो. जी गाडी मूळ अवस्थेत निरोगी आहे ती या तपासणीतून जाते. मोठा आवाज आणि काळा धूर घेऊन फिरणारी जात नाही, आणि जाऊही नये. त्या धुरात शाळेला चाललेली पोरं श्वास घेत असतात.

मला खरी काळजी वाटते ती दुसरीच. इंजिनाला स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकणारी पिढी आता संपत आली. नव्या गाडीला संगणक जोडतात, तो बिघाडाचा आकडा सांगतो. ते चांगलंच आहे. पण १९९० आणि २००० च्या दशकातल्या या गाड्या मधल्या काळातल्या. त्यांना पुरता संगणकही नाही आणि त्यांचा मेस्त्रीही आता घरी बसला आहे. त्यांची पुस्तकं जपानी आणि इंग्रजीत. आपल्या मेस्त्रींनी चाळीस वर्षांत जे शिकून घेतलं, ते शागिर्दाच्या कानात सांगितलं आणि शागीर्द दुसऱ्या धंद्यात गेला. मराठीत या ज्ञानाची ओळही नाही. कवी म्हणून मला हे फार लागतं, कारण शब्द लिहिले नाहीत तर काय होतं हे आमच्या धंद्याला चांगलं ठाऊक आहे.

म्हणून त्या दुपारनंतर मी भाच्याला दोनशे पानी वही आणून दिली. तारीख, किलोमीटर, काय दुखत होतं, काय काय तपासलं, शेवटी कुठे सापडलं, किती खर्च आला. बदललेला मूळ भाग टाकायचा नाही, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचा. एका वेळी एकच बदल करायचा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. दर शुक्रवारी नमाजानंतर तो चाचांकडे जातो, ते बोलतात आणि हा लिहितो. धुराचे रंग झाले, नळ्या झाल्या. सध्या ते ऑइल पंपावर आलेत. वहीची चाळीस पानं भरली आहेत. अजून गिअरबॉक्स, क्लच आणि डिफरन्शियल बाकी आहे, आणि चाचांचं वय ऐंशीच्या पुढे आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)